जुनी गाडी आतून मढवताना: आधी दारं, मग सीट, छत सगळ्यात शेवटी

आमच्या १९९६ च्या मारुती ८०० चं इंजिन अजून पहिल्या चावीला सुरू होतं. आत बसवत नव्हतं, एवढंच. ड्रायव्हर साइडच्या दाराचा हार्डबोर्ड खालच्या कडेला चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला होता, त्यावरचं रेक्झीन सुटून लोंबत होतं आणि सीटच्या बाहेरच्या कडेतून पडणारा फोमचा पिवळा भुगा घरापर्यंत यायचा. नाना पेठेत एका कुशनवाल्याकडे चौकशीला गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दारं तर तुम्ही घरीच कराल. फक्त जुनं काही फेकू नका."

या कामात एवढं एकच वाक्य पाठ केलं तरी चालेल. जुनं रेक्झीन, फुगलेला बोर्ड, फाटकं कव्हर हाच तुमचा फर्मा असतो. नवीन माणूस उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सगळं ओरबाडून कचऱ्यात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन रिकाम्या दाराकडे बघत बसतो.

सुरुवात दारापासून करा. दाराचा पॅनल सपाट असतो, शिवण नसते आणि बिघडलं तर हातभर रेक्झीन वाया जातं, बाकी काही नाही. सीटला शिलाई आली. छताला हात वर धरून काम करण्याची ताकद आली, आणि ती कुणाकडेच नसते.

हंगाम आणि सामान

पावसाळ्यात हे काम काढू नका. रेक्झीन चिकटवायचं ते पिवळसर रबर सोल्यूशन, दुकानात त्याला नुसतं "एसआर" म्हणतात. त्यातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतला ओलावा त्यावर धरतो. वरून कोरडं दिसतं, पण पकड येत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. ऊन असलं की रेक्झीनही मऊ पडतं.

एसआर पेटतं, आणि त्याच्या वाफाही पेटतात. गॅलरीत काम करत असाल तर शेजारी गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. आमच्याकडे संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत डबा बंद करायचा, असा आईचा नियम होता आणि तो योग्यच होता. पांढरा सुतारी फेव्हिकॉल इथे चालत नाही. तो लाकडात मुरतो, रेक्झीनवर नुसता बसून राहतो.

रेक्झीन घेताना आधी उलटं करून पाठ बघा. पाठीला बनियनसारखं विणलेलं, ताणलं जाणारं कापड असेल तर ते घ्या. नुसत्या जाळीच्या पाठीचं कडक रेक्झीन कोपऱ्यात वळत नाही आणि दोन उन्हाळ्यांत भेगाळतं. जाडी १ मिमीच्या आसपास पुरे. पन्हा साधारण ५४ इंच असतो. आमच्या ८०० च्या चारही दारांना अडीच मीटर पुरलं. सीटही करणार असाल तर एकाच रोलमधून एकदमच कापून आणा, नंतर आणलेल्या रोलचा काळा वेगळाच काळा निघतो. तसा काळा घ्यायच्या आधी एकदा विचार करा. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्यावर बसायचं तुम्हालाच आहे.

याशिवाय ३ ते ५ मिमीचा पातळ फोम, ताज्या ब्लेडचा कटर, खडू, हेअर ड्रायर, चांगली कात्री आणि जाड प्लास्टिकचा कागद लागेल. दाराच्या प्लास्टिक क्लिप डझन-दीड डझन नव्या आणा. जुनी क्लिप नमुन्याला खिशात घेऊनच दुकानात जा. दिसायला सारख्या क्लिपांमध्ये एखाद्या मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढ्या फरकानेही दार खडखडतं.

दार उघडणं

आधी फोटो काढा. पाच नाही, पन्नास. मग हात ठेवायच्या हँडलचे स्क्रू काढा आणि दार उघडायच्या कडीभोवतीचं प्लास्टिक सोडवा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा.

नवीन माणूस हमखास अडतो तो काच खाली-वर करायच्या हँडलपाशी. त्याला बाहेरून स्क्रूच दिसत नाही. ८०० मध्ये आणि बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी तारेची छोटी क्लिप असते. हँडल आणि त्यामागची प्लास्टिकची चकती यांच्या मधल्या फटीत एक जुनं सुती फडकं घाला, दोन्ही टोकं हातात धरा आणि बुटाला पॉलिश मारताना ओढतो तसं आलटून पालटून ओढा. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप बाहेर येते. येते म्हणजे उडते. माझी पहिली क्लिप उडून थेट तुळशीच्या कुंडीत गेली आणि ती शोधण्यात अर्धा तास गेला. दुसऱ्या दारापासून हँडलवर एक पिशवी धरायला लागलो. काही जुन्या गाड्यांमध्ये क्लिपऐवजी आडवी पिन असते. चकती आत दाबली की ती दिसते आणि बारीक खिळ्याने ठोकून बाहेर काढता येते. जोर लावून ओढण्याआधी आपल्या गाडीत यातलं काय आहे ते टॉर्च लावून बघा.

आता पॅनल. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. पातळ, रुंद आणि बोथट पत्री लागते. रंगाऱ्याची पत्री चालते, घरातलं उलथनंही चालतं (विचारून घ्या). ती बोर्ड आणि पत्र्याच्या मध्ये क्लिपच्या अगदी जवळ नेऊन हलके पिळा. क्लिपपासून लांब पिळलंत तर क्लिप जागेवर राहते आणि बोर्डाचा तुकडा हातात येतो. पॅनल सुटला की मागच्या बाजूला लगेच खडूने लिहा: ड्रायव्हर साइड पुढचं, क्लीनर साइड मागचं, वर कुठली बाजू.

मागचा प्लास्टिकचा कागद

पॅनल काढल्यावर पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसायला हवा. जुन्या गाडीत बहुतेक वेळा तो दिसत नाही. कधीतरी काच दुरुस्त करताना कुणीतरी तो फाडलेला असतो आणि परत लावलेला नसतो. तुमचा बोर्ड फुगण्याचं खरं कारण हेच.

गाडीचं दार पाणबंद नसतं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात शिरतं, शिरणारच. ते आतून ओघळून तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. मधला कागद ते पाणी बोर्डाकडे येऊ देत नाही. कागद गेला की हार्डबोर्ड दर पावसाळ्यात थोडं थोडं पाणी पितो. वरून कितीही भारी रेक्झीन लावा, कागदाशिवाय दोन वर्षांत पुन्हा तीच खारी.

म्हणून आधी तळाची भोकं तारेने साफ करा. चिखल आणि वाळकी पानं निघतील. मग काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून बाहेर पडतं का बघा. भोकं कधीही बुजवू नका, पाणी साचून दार खालून कुजतं. मग जाड प्लास्टिक दाराच्या आकाराचं कापून कडेने ब्युटाइलच्या काळ्या चिकट पट्टीने लावा. खालची कड मात्र दाराच्या फटीतून आतल्या बाजूला सोडा, म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी दारातच पडेल. कड बाहेर ठेवलीत तर सगळं पाणी बोर्डावर आणि तिथून तुमच्या पायाशी. हँडलच्या दांड्याला जेमतेम भोक ठेवा, मोठं नको.

बोर्ड आणि रेक्झीन

बोर्ड फक्त कडेला फुगला असेल तर वाळवून, पॉलिश पेपरने घासून चालवता येतो. चुरा होत असेल तर नवा कापा. ३ मिमी हार्डबोर्डवर जुना बोर्ड ठेवून पेन्सिलने आखा. क्लिपांची भोकं अगदी जिथल्या तिथे हवीत, दोन मिलिमीटर सरकली तरी शेवटची क्लिप बसत नाही. एमडीएफ वापरू नका, ते हार्डबोर्डापेक्षाही लवकर पाणी पितं. नव्या बोर्डाला दोन्ही बाजूंनी, आणि कडांना तर दोनदा, ऑइल पेंट किंवा वॉर्निश मारा. कंपनीने हे केलं नव्हतं. आपण करू.

जुनं रेक्झीन सावकाश सोलून काढा. बोर्डावर पातळ फोम ठेवा, एसआरचे मोजके फटकारे मारून चिकटवा आणि फोम बोर्डाच्या कडेलगत तिरका कापा. फोम कडेवरून मागे वळवलात तर पॅनल जाड होतो आणि दार लागताना अडतं. हँडलच्या चकतीखालचा फोमही तेवढाच गोल कापून टाका.

मी पहिली मोठी चूक इथे केली. रेक्झीन उलटं पसरलं, त्यावर बोर्ड सुलटा ठेवला, आखलं, कापलं, हँडलचं भोकही पाडलं. मढवायला घेतलं तेव्हा भोक दाराच्या दुसऱ्याच टोकाला. रेक्झीनच्या उलट्या बाजूवर आखायचं तर बोर्डही उलटा, म्हणजे दर्शनी बाजू खाली, असायला हवा. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड ही एकमेकांची आरशातली रूपं असतात हे डोक्याला पटतं, पण हाताला पटायला एक तुकडा वाया जावा लागतो. तुमचा वाचला तर उत्तम. तसंही, भोक आधी पाडायचंच नाही. आधी मढवायचं, मग पुढून बोटाने चाचपून भोकाची जागा शोधायची आणि कटरने फुलीसारखी छोटी चीर द्यायची. चीर चकतीखाली पूर्ण झाकली गेली पाहिजे.

चारही बाजूंनी दीड-दोन इंच जास्त ठेवून रेक्झीन कापा आणि अर्धा तास उन्हात टाका. सपाट दाराच्या दर्शनी बाजूला सोल्यूशन लावायचंच नाही, फक्त मागे वळणाऱ्या पट्टीला लावायचं. दोन्हीकडे पातळ हात मारा, म्हणजे रेक्झीनच्या पट्टीला आणि बोर्डाच्या मागच्या कडेला. मग थांबा. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाची पाठ टेकवून बघा. बोटाला चिकटत नाही, पण ओढ जाणवते, ती वेळ. घाई केलीत तर सरकतं, आणि एकदा टेकलं की हलवता येत नाही.

ताण द्यायची पद्धत ढोलाचं पान ताणतात तशी, समोरासमोर. वरच्या कडेचा मध्य चिकटवा, मग खालच्या कडेचा मध्य. मग डावा मध्य, उजवा मध्य. तिथून थोडं थोडं कोपऱ्यांकडे सरका. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला गेलात तर सगळी सुरकुती शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. बाहेर फुगलेल्या कोपऱ्यावर मागे वळणाऱ्या रेक्झीनचे छोटे त्रिकोण कापून टाका, म्हणजे चुण्या एकमेकींवर चढणार नाहीत. आत वळलेल्या कोपऱ्यात एकच चीर द्या आणि कडेच्या ३ मिमी अलीकडे थांबा, नाहीतर चीर पुढून दिसेल. हट्टी कोपऱ्याला हेअर ड्रायर दाखवा, पण लांबून, आणि एसआरच्या वाफा निघून गेल्यावरच.

कंपनीच्या पॅनलवर दाबून उमटवलेल्या रेषा असतात. त्या यंत्राने रेक्झीन वितळवून केलेल्या असतात, घरी येत नाहीत. मी दारं साधी ठेवली आणि मला ती जास्त आवडतात.

बसवताना सगळ्या क्लिपा भोकांसमोर आल्याची खात्री करून एकेक तळहाताने ठोका. काचेचं हँडल लावताना नालेची क्लिप आधी हँडलमध्ये बसवा आणि मग हँडल दांड्यावर धरून एक ठोसा द्या. 'टक्' असा आवाज आला की बसलं.

सीट

सीटच्या कामात चार पंचमांश वेळ उसवण्यात जातो आणि तो तसाच जायला हवा. पुढचं सीट रुळासकट बोल्ट काढून बाहेर घ्या. नव्या गाडीत सीटमध्ये एअरबॅग असेल तर हा भाग वाचून सोडून द्या, त्या सीटला घरी हात लावायचा नाही. बेल्टची पट्टी कापायची, रंगवायची किंवा चिकटवायची नाही, हे कुठल्याही गाडीला लागू.

मागची बैठक उचलली की खजिना सापडतो. आमच्याकडे पीएमटीच्या, म्हणजे पुण्यातल्या जुन्या सिटी बसचं तिकीट, दोन शेंगांची टरफलं आणि पंचवीस पैशांचं नाणं निघालं. जाळ्या झटकून सांगाड्यावरचा गंज घासा आणि रंगाचा हात मारा.

कव्हर खालून तारेच्या कड्यांनी सांगाड्याला अडकवलेलं असतं. कडी पकडीने कापा, फोम ओढू नका. कव्हरच्या आतल्या बाजूला कापडी नळीत लांब तारा असतात. त्या जपून ठेवा, नव्या कव्हरात त्याच जातील. कव्हर निघालं की उसवायच्या आधी प्रत्येक तुकड्याला नंबर द्या आणि शिवणीवर दर चार बोटांनी एक आडवी रेघ मारा, अशी की ती दोन्ही तुकड्यांवर उमटेल. नव्या तुकड्यांवर त्या खुणा उतरवल्या की शिवताना रेघेला रेघ जुळवायची, बस. खुणा नसतील तर गोलाईत एक तुकडा दोन इंच लांब उरतो आणि का उरला ते कळत नाही.

ब्लेडने टाके कापत सगळे तुकडे सुटे करा, वजनाखाली सपाट करा (इस्त्री नको) आणि खाकी कागदावर उतरवा. जुनं कव्हर पंचवीस वर्षं बसून ताणलेलं असतं. म्हणून मधले तुकडे उभे मधोमध दुमडून बघा आणि दोन्ही अर्धी जुळत नसतील तर कमी झिजलेली बाजू खरी माना. शिलाईला अर्धा इंच माया, म्हणजे टाक्याबाहेरचं जादा कापड, सगळीकडून सारखी. जुन्या तुकड्यांत माया आधीच धरलेली असते, ती दोनदा धरू नका. धरलीत तर सीटला गबाळा सदरा घातल्यासारखा दिसतो.

घरच्या शिलाई मशिनवर दोन थर रेक्झीन जातं, चार थर जात नाही. सुई १६ किंवा १८ नंबरची, दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा घामाने आणि उन्हाने कुजतो. टाका मोठा ठेवा, चार मिलिमीटरचा. बारीक टाक्याने मजबुती येते असं वाटतं, पण रेक्झीनमध्ये जवळजवळ भोकं पडली की ते तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. मशिनच्या पायाला रेक्झीन चिकटत असेल तर टाल्कम पावडर चोळा. आणि स्पष्ट सांगतो, कापणं घरी करून शिवायला बॅगा शिवणाऱ्याकडे देण्यात काही कमीपणा नाही. मी पाठीचं कव्हर घरी शिवलं, बैठक त्याच्याकडून शिवून घेतली. फरक दिसतो.

फोम सगळा बदलायची गरज क्वचितच पडते. झिजतो तो ड्रायव्हरच्या उतरायच्या बाजूचा कठडा, कारण रोज त्यावरून घसरत उतरतो. तेवढा भाग सरळ कापून काढा आणि ४० डेन्सिटीच्या फोमचा तुकडा एसआरने जोडून करवतीच्या ब्लेडने आकार द्या. मऊ फोम दुकानात बसून बघताना छान वाटतो, घाट चढेपर्यंत त्याचा पापड होतो. ॲम्बेसिडर किंवा पद्मिनीच्या वयाच्या सीटमध्ये स्प्रिंगवर गोणपाट आणि काथ्या निघाला तर तो झटकून, नवं गोणपाट घालून पुन्हा वापरा. काथ्यातून हवा खेळते.

कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, म्हणजे रेक्झीन अडकत नाही. उन्हात तापवून चढवा, शिवणी जागेवर आल्या की मगच तारा अडकवा. तारेच्या कड्या आणि त्यांची पक्कड नसेल तर केबल टाय चालतात, टोकं मात्र खाली वळवून कापा. सीट गाडीत ठेवल्यावर चारही बोल्ट आधी हाताने फिरवून आट्यात बसवा आणि मग पान्याने आवळा.

छताबद्दल थोडंसं

छत बोटाने दाबा. खाली पोकळ लागून कापड हललं तर ते सळ्यांवर ताणलेलं जुन्या पद्धतीचं छत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचं असं असे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या हद्दपार झालेल्या त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत मान वर करून फुलाफुलांचं छत पाहिलेलं आठवत असेल. त्याची कड काचेच्या रबराखाली दाबलेली असते, म्हणजे काचा काढणं आलं. ते काम कुशनवाल्याला द्या.

कडक लागलं तर साच्याची फळी आणि त्यावर फोमच्या पाठीचं कापड. ते लोंबतं कारण मधला फोम उष्णतेने आणि दमटपणाने पीठ झालेला असतो. टाचण्या मारून किंवा सिरिंजने गोंद सोडून उपयोग नाही, कारण तो पिठालाच चिकटतो. फळी बाहेर काढून सगळं पीठ ब्रशने, नाकाला रुमाल बांधून, साफ करावं लागतं. मग नवं फोमचं कापड अर्धं दुमडून, स्प्रेचा गोंद मारून आधी एक अर्धं आणि मग दुसरं. फळी वाकवू नका, घडी पडली की जात नाही.

सगळं झालं की गाडी दोन-तीन दिवस काचा खाली करून सावलीत ठेवा. वास गेल्याशिवाय लहान मुलांना घेऊन लांबचा प्रवास नको. खाकी कागद आणि उसवलेले तुकडे गोणीत भरून माळ्यावर टाका. आमचं क्लीनर साइडचं सीट अजून व्हायचं आहे. त्याचा फर्मा त्याच गोणीत आहे, फक्त उलटा धरायचा.